प्रतिसाद: सत्कार तासभर, ठराव पाच मिनिटांत

वर एका ताईंनी विचारलंय की महापालिका शाळांच्या बैठकीत शिष्यवृत्तीवाल्या मुलांचा सत्कार तासभर चालतो, मग धोरणावर बोलायला वेळ का उरत नाही? सत्कार हवाच. घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलीचं नाव माईकवरून पुकारलं जातं तेव्हा मागच्या रांगेतली आई कशी उभी राहते, ते मी पाहिलंय. माझा राग शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांच्या भाषणांवर आहे.

पण शाळेचे निर्णय फक्त वरच्या पातळीवरच होतात, असं नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक हवेत, एकूण सदस्यांत निम्म्या बायका. तीन वर्षांचा शाळा विकास आराखडा हीच समिती करते, आणि अनुदानाचं नियोजन त्यावर व्हावं असं कायदाच म्हणतो.

मी कोपरखैरणेत अशा समितीवर होतो (शाळेचं नाव नको). पहिल्या वर्षी आराखडा तयार होऊनच आला, आम्ही फक्त सह्या केल्या. दुसऱ्या वर्षी दोन आया अडून बसल्या: मुलींच्या स्वच्छतागृहाला दुपारनंतर पाणी नसतं, हे आधी लिहा, मगच सही. लिहावं लागलं. टाकी आली, अर्थात पुढचा पावसाळा संपल्यावर!

ताई, तुमच्या शाळेचा आराखडा मुख्याध्यापकांकडे मागून बघा. आणि मागच्या बैठकीचं इतिवृत्तही मागा, त्यात आपल्या सह्या कशाकशाखाली आहेत ते कळतं.