पीएचडी बंद करण्याचा सरकारी प्रस्ताव: हरकत कशी लिहावी?

प्रश्न: राज्याच्या समितीचा मसुदा आलाय. विद्यापीठाने परीक्षाच घ्याव्यात, पीएचडी नको. विद्यापीठाला हे अमान्य. उत्तरात काय हवं?

उत्तर १: आधी कायदा. पदवी देण्याचा अधिकार यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा १९५६, कलम २२ मधला. नुसत्या शिफारशीने तो जात नाही. शिवाय उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं केंद्राकडे, राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या केंद्र सूचीची नोंद ६६.

उत्तर २: कायदा बरोबर, पण विद्या परिषदेचा (विद्यापीठाचे शैक्षणिक निर्णय घेणारं मंडळ) ठराव जोडा, नाहीतर ते कुलगुरूंचं वैयक्तिक मत ठरतं. मसुद्यातला मुद्दा क्रमांक, आक्षेप, पर्यायी शब्दरचना शेजारी-शेजारी द्या. ‘स्वायत्ततेवर घाला’ एवढंच लिहिलं तर फाईल बंद, कारण दुरुस्त करायला हातात काहीच नसतं.

उत्तर ३: नोंदणी झालेल्यांचं काय, हे विसरू नका! यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांत कमाल मुदत ६ वर्षं, पुनर्नोंदणीने आणखी २. तेवढा काळ मार्गदर्शक कोण, हे समितीलाच विचारा.