चर्चा: पँथर देशोदेशी गेला, त्याचं राजकारण सोबत गेलं का?

मेघना_र (धागाकर्ती)
माझं मत स्पष्ट आहे: काळ्या पँथरसारखं चिन्ह देश ओलांडतं तेव्हा चित्र आणि नाव तेवढं जातं. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या लाउंड्स काउंटीत कृष्णवर्णीय बहुसंख्य होते, तरी १९६५ च्या सुरुवातीला मतदारयादीत त्यांचा एकही माणूस नव्हता. त्यांनी काढलेल्या पक्षाने मतपत्रिकेसाठी काळा पँथर घेतला, कारण निरक्षर मतदाराला चित्र लागायचं. समोर डेमोक्रॅटिक पक्षाचा पांढरा कोंबडा, त्यावर वर्षानुवर्षं गोऱ्यांच्या वर्चस्वाची घोषणा छापलेली. ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला ह्यू न्यूटन आणि बॉबी सील यांनी तोच पँथर उचलला आणि निवडणूकचिन्हाची ब्लॅक पँथर ही सशस्त्र संघटना झाली. एका देशात, एका वर्षात एवढा फरक पडला, तर मुंबईच्या दलित पँथरपर्यंत मूळचं काय उरणार?

सुहास_जा
साफ असहमत. चित्रापेक्षा मोठी गोष्ट गेली, ती म्हणजे आपल्याच समाजाच्या प्रस्थापित पुढाऱ्यांना भर रस्त्यात जाब विचारणं. १९७२ च्या मुंबईत आंबेडकरी रिपब्लिकन पक्षाचे गट काँग्रेसच्या वळचणीला गेले होते आणि अस्पृश्यतेची पाहणी करणाऱ्या एलयापेरुमल समितीच्या अहवालातले अत्याचार कागदावरच पडून होते. त्यातून मे महिन्यात दलित पँथर उभी राहिली आणि १५ ऑगस्टला काळा स्वातंत्र्यदिन पाळला गेला. जेरुसलेमच्या मुसरारा वस्तीत मोरोक्कोहून आलेल्या ज्यूंच्या मुलांनी १९७१ मध्ये हेच नाव घेतलं, त्याच वर्षी न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या पॉन्सन्बी वस्तीत पॉलिनेशियन (पॅसिफिक बेटांवरच्या) तरुणांनी. तिन्ही ठिकाणी वय कोवळं आणि रागाची दिशा एकच.

मेघना_र
रागाचं ठीक, कार्यपद्धतीचं काय? ओकलंडच्या पँथर्सची गस्त कॅलिफोर्नियाच्या कायद्यावर उभी होती. भरलेली बंदूक उघडपणे बाळगता यायची, म्हणून ते पोलिसांच्या मागे बंदुका घेऊन फिरत. १९६७ च्या मलफर्ड कायद्याने ती मुभा गेली, आणि सही केली अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षाचे गव्हर्नर रेगन यांनी! भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय बंदूक नाही, म्हणजे तो भाग इथे येणं शक्यच नव्हतं. ऑकलंडवाल्यांनी बंदुकीऐवजी लोकांना पोलिसांपुढचे हक्क सांगणारी कायद्याची पुस्तिका वाटली. ती जास्त उपयोगी होती असं मला वाटतं, पण ती ओकलंडची नक्कल नव्हे.

सुहास_जा
फक्त बंदूकच का मोजायची? ओकलंडच्या पँथर्सनी जानेवारी १९६९ मध्ये मुलांसाठी मोफत न्याहारी सुरू केली. मार्च १९७२ मध्ये जेरुसलेमच्या पँथर्सनी श्रीमंत रेहाविया वस्तीच्या दारांतल्या दुधाच्या बाटल्या उचलून गरीब वस्तीत पोचवल्या. पोटाचा प्रश्न दोन्हीकडे केंद्रस्थानी होता.

नीलिमा_प
दूधवाटप एका दिवसाचं, न्याहारी रोजची; एवढ्यावरून कार्यक्रम गेला असं म्हणता येत नाही. खरा घोळ डाव्या-उजव्याचा आहे आणि त्यावर तुम्ही दोघंही बोललेला नाहीत. मुसराराचे चार्ली बिटोन १९७७ मध्ये कम्युनिस्टांच्या आघाडीतून इस्रायलच्या संसदेत गेले. त्याच निवडणुकीत तशाच वस्त्यांच्या मतांनी बेगिन यांच्या उजव्या लिकुड पक्षाला सत्ता दिली. कारण तिथे घरं, नोकऱ्या, कामगार संघटना हे सगळं मजूर पक्षाच्या ताब्यात, म्हणजे डावेच प्रस्थापित. तिथल्या वंचिताला उजवीकडे जाणं हाच बंडाचा मार्ग वाटला.

महाराष्ट्रात दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने भूमिहीन, कामगार, स्त्रिया अशा सगळ्या शोषितांना दलित म्हटलं. त्यावरूनच वर्षभरात पँथरच्या नेत्यांत फूट पडली: नामदेव ढसाळांवर मार्क्सवादाचा ठपका, राजा ढाले बौद्ध विचारावर ठाम. पुढे ढसाळ शिवसेनेसोबत गेले, जिच्याशी जानेवारी १९७४ मध्ये वरळीत रक्त सांडेपर्यंत लढत झाली होती. पँथर हे नाव या तिन्ही दिशांना चाललं.

मेघना_र
मग हे माझंच म्हणणं झालं की!

सुहास_जा
नाही. ती फूट बाहेरून आलेल्या नावामुळे पडली नाही. १९५९ मध्येच रिपब्लिकन पक्षातल्या बी. सी. कांबळे गटाने पक्षाचे नेते दादासाहेब गायकवाड यांच्यावर कम्युनिस्टांशी जवळीक केल्याचा आरोप करून वेगळी चूल मांडली होती. भूमिहीनांच्या लढ्यात डाव्यांना सोबत घ्यायचं की नाही, हा वाद पँथरच्या आधीपासून आंबेडकरी चळवळीत धगधगत होता. पँथर नाव नसतं तरी १९७४ मध्ये तो पेटलाच असता. चिन्हाला दोष देण्याआधी तो वाद कुणी आणि का मिटू दिला नाही, ते तपासा.