अंजनेरीच्या वाटेवरच्या कचरापेट्या काढाव्यात का?

पायवाट: रविवारी नाशिकजवळच्या अंजनेरी गडावर गेलो होतो. वाटेतल्या पिंपात माकड कंबरेपर्यंत घुसलेलं, चिप्सची पाकिटं चाटून बाहेर भिरकावत होतं. पुढच्या वळणावर दुसऱ्याने एका आजींच्या हातची पिशवी ओढली. माझं मत, वरची पिंपं काढा. पायथ्याशी प्लास्टिक मोजून ५० रुपये अनामत घ्या, खाली आणलं की परत.

सातपूरकर: पिंप काढलं की कचरा खाली येईल? दरीत जाईल! दारात घंटागाडी येते तरी कोपऱ्यावर पिशवी टाकणारी माणसं आपण.

रानवारा: अमेरिकेत हेच अस्वलांबाबत झालं. ग्लेशियर पार्कात ऑगस्ट १९६७ मध्ये एकाच रात्री, दोन वेगळ्या ठिकाणी, ग्रिझली अस्वलांनी दोन तरुणींना मारलं. त्यातल्या एका जागी मुक्कामाच्या बंगल्यातलं उष्टं अस्वलांना रोज घातलं जायचं, पाहुणे बघायला जमायचे. आता तिकडच्या पेट्यांचा खटका आत दडवलेला असतो. माणसाची बोटं जातात, पंजा जात नाही. पेट्या काढू नका, बदला.

पायवाट: माकडाला बोटं असतात हो. शनिवारपर्यंत खटका शिकेल.

जुना_नाशिककर: शनिवारचं बरं काढलंत. मारुतीच्या नावाने माकडांना केळी-फुटाणे देणाऱ्यांत मीही आहे, आणि ते एकदम बंद करायला माझा विरोध आहे. अमेरिकेतल्याच यलोस्टोन पार्कात अस्वलं ज्यांवर पोसायची ते उकिरडे १९७० च्या सुमारास असेच झटपट बंद केले. अस्वलांचा अभ्यास करणारे क्रेगहेड बंधू सांगत होते, सावकाश घ्या. ऐकलं नाही. सवयीची अस्वलं तंबूंकडे वळली आणि कितीतरी मारावी लागली. १९७५ मध्ये ग्रिझलीला कायद्याचं संरक्षण द्यायची वेळ आली.

रानवारा: मग केळी हळूहळू कमी करा की! सुरुवात तुमच्यापासून.

गिरणारेकर: तुम्ही माकडावरच अडकलात. पायथ्याच्या उष्ट्यावर कुत्री पोसली जातात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. आमच्याकडे संध्याकाळी पोरं एकटी सोडत नाही.

ताकवाला: वर माझी टपरी आहे. पाण्याच्या बाटल्या मीच विकतो, नाकारत नाही. स्टीलचे पेले ठेवून पाहिले, पण धुवायला पाणी डोक्यावरून न्यावं लागतं. अनामत जरूर घ्या, माझ्याकडच्या बाटल्यांवरही लावा. पण सोमवारी भरलेली पोती खाली कोण आणतं, ठाऊक आहे? मी आणि माझा भाऊ. एका पोत्याला किती देणार, तेवढं बोला.

सातपूरकर: १०० रुपये?

ताकवाला: एकदा पोतं उचलून उतरा, मग भाव करू.