पहिला टॉमहॉक घ्यायचाय, फेकायला आणि यार्डात वापरायला – कोणता घेऊ?

मनमौजी
लोकहो, पटकन मदत हवी आहे. टॉमहॉक (फेकता येणारी हलकी कुऱ्हाड) घ्यायचाय, पहिलाच. फेकायलाही चालला पाहिजे आणि यार्डातल्या कामालाही. व्हिडिओ बघून बघून डोकं भणाणलंय. एक म्हणतो हिकरीच्या लाकडाचा दांडा, दुसरा म्हणतो अखंड स्टील, तिसरा म्हणतो नायलॉन. सेल रविवारी संपतोय. "आधी साध्या कुऱ्हाडीने शिका" हा सल्ला कृपया नको. एकच नाव सांगा.

रानवाटा
एकच नाव सांगायला थोडी माहिती लागेल. कुठे राहता? बजेट किती? यार्डातलं काम म्हणजे नेमकं काय? जळण फोडायचं, फांद्या तासायच्या की मुळं तोडायची? आणि फेकणार कशावर? सगळ्यात महत्त्वाचं ते शेवटचं.

मळेकरी
ऑनलाइन कशाला घेता? आमच्याकडे सांगली भागात लोहाराला पातं सांगितलं की ट्रकच्या कमानपाट्याचं घडवून देतो. दांडा धामणीचा घाला. धामण लवचिक असते, हाताला दणका बसत नाही. बाभळीचाही चालतो, पण जड होतो.

मनमौजी
मळेकरी, मी अमेरिकेत आहे, ओहायोत. लोहार कुठून आणू? बजेट ६०-७० डॉलर. काम म्हणजे यार्डातलंच, साफसफाई. टार्गेट तयार आहे.

तिखटमीठ
एसओजी कंपनीचा टॅक्टिकल टॉमहॉक डोळे झाकून घ्या. व्हिएतनाम युद्धाच्या वेळी पीटर लगाना यांनी जो टॉमहॉक केला होता त्याच वळणाचा आहे. मागे टोक, दांडा नायलॉनचा, पावसात भिजला तरी काही होत नाही. माझ्या गाडीत कायम असतो.

रानवाटा
तिखटमीठ, गाडीत ठेवायला तो उत्तम, पण फेकायला शिकणाऱ्याला देऊ नका. दांडा आखूड, एकूण लांबीच जेमतेम पावणेसोळा इंच. आखूड दांडा हवेत भराभर फिरतो, त्यामुळे अंतर जरा चुकलं तरी पातं न लागता दांडाच आपटतो. शिवाय पातं दांड्याला बोल्टने जोडलेलं असतं. रोज फेकत राहिलात तर बोल्ट सैल होतात, सारखे आवळत बसावं लागतं. आणि मागचं टोक नवशिक्याच्या हातात मला अजिबात नको वाटतं. टॉमहॉक उसळून परत आला तर दोन्हीकडून धोका.

तिखटमीठ
मी फेकलाय, व्यवस्थित रुततो. बोल्टला लॉकटाइट (आटे घट्ट धरणारा गोंद) लावायचं, विषय संपला. तुमचा हिकरीचा दांडा पहिल्याच आठवड्यात मोडेल त्याचं काय?

रानवाटा
मोडेलच! लाकडी दांडा मोडण्यासाठीच असतो, आणि मोडला की बदलता येतो, हाच टॉमहॉकचा खरा गुण आहे. आपल्या कुऱ्हाडीला दांडा खालून घालून वरून पाचर ठोकतात. टॉमहॉकचा दांडा वरच्या टोकाला जाड आणि खाली निमुळता असतो, तो पात्याच्या भोकातून वरून खाली ओवायचा. पाचर नाही, खिळा नाही. जितका फेकाल तितकं पातं जाड टोकाकडे सरकून घट्ट बसतं. मोडला तर तुकडा ठोकून काढा, नवा घाला, दहा मिनिटांत परत उभे राहा. अखंड स्टीलला हे सुख नाही. तो मोडत नाही खरा, पण प्रत्येक दणका मनगटात येतो.

मळेकरी
म्हणजे आमच्या कुदळीसारखंच झालं. कुदळीचा दांडाही असाच वरून ओवतात.

बाळाची_आई
एक विचारू का? घरात लहान मुलं आहेत का? टार्गेटच्या मागे काय आहे, शेजाऱ्यांचं कुंपण? एचओए (घरमालकांची सोसायटी) असेल तर नियम वाचलेत का? काही गावांत अंगणात बाण किंवा कुऱ्हाड फेकण्यावर बंदी असते. होम इन्शुरन्सवाल्यांनाही विचारून ठेवा.

मनमौजी
मुलगा आठ वर्षांचा आहे, तो बाहेर नसतानाच फेकणार. एचओए नाही. मागे चढ आहे, मातीचा. आता तरी मॉडेल सांगा.

हिरवाई
ओहायो आणि "यार्डातली साफसफाई" वाचून थांबले. हनीसकलची झुडपं काढायची आहेत का?

मनमौजी
हो! मागचा सगळा कडेचा भाग त्यानेच भरलाय. तुम्हाला कसं कळलं?

हिरवाई
ओहायोत सगळ्यांचं हेच दुखणं आहे. अमूर हनीसकल मूळचं पूर्व आशियातलं. बागेसाठी आणलं आणि आता जंगलाच्या कडा गिळत चाललंय. टॉमहॉकने ते तोडू नका. बुंध्यातून एकदम पाच-सात खोडं निघतात, पातं नीट फिरवायला जागाच मिळत नाही, आणि वार निसटून थेट नडगीवर येऊ शकतो. लहान रोपं पाऊस पडून गेल्यावर हाताने ओढा. मुळं उथळ असतात, सहज येतात. मोठ्यांना लॉपर (लांब दांड्याची कात्री) आणि बो सॉ (कमानीची करवत). जमिनीलगत कापा आणि कापल्या कापल्या खुंटाला ग्लायफोसेट (तणनाशक) ब्रशने लावा, नाहीतर वसंतात दुप्पट फुटवे येतात. उन्हाळा सरता सरता किंवा शरदात करा. वसंतात रस वर चढत असताना औषध खाली मुळांपर्यंत नीट पोचत नाही.

तिखटमीठ
ग्लायफोसेट? मुलगा खेळतो त्या अंगणात? मी तर मीठ-व्हिनेगरच वापरतो.

हिरवाई
मिठाने माती वर्षानुवर्षं नापीक होते, आणि मूळ जिवंतच राहतं. मी फवारणी सांगितलेली नाही, ब्रशने कापलेल्या खुंटावर थोडंसं लावायला सांगितलंय.

रानवाटा
औषधाची चर्चा वेगळ्या धाग्यावर न्या ही विनंती. मनमौजी, टार्गेट "तयार आहे" म्हणालात ते कशाचं?

मनमौजी
मागच्या वर्षी वाळलेलं ॲशचं झाड पाडलं, त्याची जाड चकती ठेवलीय. दोन फुटांपेक्षा मोठी आहे. मित्राची हॅचेट (छोटी कुऱ्हाड) फेकून बघितली, सारखी उसळते. म्हणून तर टॉमहॉक घ्यायचाय.

रानवाटा
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! अडचण हत्यारात नाहीच, लाकडात आहे. एमराल्ड ॲश बोरर या किडीने मेलेला ॲश उभ्या उभ्या वाळतो, आणि वाळलेला ॲश म्हणजे बेसबॉलच्या बॅटचं लाकूड. त्यात कितीही महागडा टॉमहॉक फेका, उसळणारच, आणि उसळून तुमच्या पायांवरच येणार. ती चकती ताबडतोब बाजूला करा.

टार्गेटला मऊ लाकूड हवं: कॉटनवूड, पॉपलर, फार तर ओला पाईन. चकती अशी उभी करा की वर्तुळं तुमच्याकडे येतील, म्हणजे पातं तंतूंच्या मध्ये शिरतं. फेकण्याआधी पाणी मारा. रेल्वेचे जुने स्लीपर किंवा खिळे असलेलं पॅलेट वापरू नका.

आता मॉडेल. कोल्ड स्टीलचा ट्रेल हॉक घ्या. १०५५ कार्बन स्टीलचं हलकं पातं, २२ इंचांचा हिकरीचा दांडा, मागची बाजू हातोडीसारखी सपाट, म्हणजे खुंट्या ठोकायलाही उपयोगी. त्याच कंपनीचा रायफलमन्स हॉक बराच जड, शिकताना खांदा भरून येईल. पात्याच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो, तो काढून टाका, त्याच्या खाचेपासूनच दांडा चिरतो. मग दांडा काढून घासून नीट बसवा. जिथे पात्याचा काळा रंग लागून येईल तिथे कानस मारायची, बाकीचं लाकूड तसंच ठेवायचं. वरून जवसाचं तेल. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. पसरून वाळवा.

शार्लटकर
सीआरकेटी कंपनीचा वूड्स चोगन टॉमहॉकही बघा. स्टील तेच १०५५, हिकरीचाच दांडा. काम जास्त आणि फेक कमी असेल तर मला तो बरा वाटतो.

रानवाटा
त्यांचं काम हनीसकलचं आहे आणि ते करवतीने होणार. उरली फेक. पडलेल्या फांद्यांची डहाळी तासायला ट्रेल हॉक पुरे. जळण मात्र त्याने फोडू नका. पातं बारीक असतं, ओंडका दुभंगत नाही, पातं आत अडकून बसतं. त्याला वेगळी कुऱ्हाडच हवी.

मनमौजी
ऑर्डर केला. ट्रेल हॉक आणि दोन जादा दांडे. करवतही घेतोय. धार किती लावू? आणि उभं किती अंतरावर राहू?

रानवाटा
फेकायला वस्तऱ्यासारखी धार नको, कानशीने सरळ केलेली धार पुरते. टॉमहॉक हवेत एकदाच पूर्ण फिरावा म्हणून साधारण बारा फुटांवर उभे राहा. हातोडी धरतात तसा धरा, मनगट झटकू नका, हात समोर आला की सोडा. दांड्याचं शेपूट वर गेलेलं दिसलं तर जास्त फिरलाय, अर्धं पाऊल पुढे या. दांडा खाली आधी आपटला तर अर्धं पाऊल मागे. जोर लावून काही होत नाही, अंतर जुळवा. बूट बंद घाला, आणि कोणीही टार्गेटकडे जात असताना दुसऱ्याच्या हातात टॉमहॉक नको.

मनमौजी
कॉटनवूड कुठे मिळेल? होम डेपोत तर नाही.

हिरवाई
झाडं पाडणाऱ्या ट्री सर्व्हिसवाल्यांना फोन करा. कॉटनवूड जळणाला कोणी घेत नाही, त्यामुळे ते बऱ्याचदा फुकट देतात, कधी कधी ड्राइव्हवेपर्यंत आणूनही टाकतात. जाडी एक फूट तरी मागा.

मळेकरी
जादा दांडे विकत कशाला घेतले? ॲशची ती चकती ज्या झाडाची, त्याच्याच सरळ फांद्या राहिल्या असतील तर दांड्याला तेच लाकूड चालेल ना?

रानवाटा
चालेल, पण बोररने पोखरलेलं नसेल तरच. साल काढून बघा, आत नागमोडी वाटा दिसल्या तर ती फांदी जळणात टाका.