बसस्टँडमागच्या बायका: फोटो काढून गल्ली साफ होते का?

वडगावकाठ
परवा एका नागरिक समितीची पोस्ट सगळ्या ग्रुपवर फिरली. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत संध्याकाळी उभ्या राहणाऱ्या बायकांचे फोटो काढा, ग्रुपवर टाका, लाजेनं आपोआप जातील. शिवाय दर शनिवारी छापा घाला म्हणून ठाण्यात निवेदन द्या. खाली 'अगदी बरोबर' म्हणणाऱ्यांची रांग. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी फोटोचं. त्याच गल्लीत दुकानातून सुटलेल्या, खानापूरची शेवटची बस धरणाऱ्या बायकाही उभ्या असतात. अंधारात मोबाइलवर काढलेल्या फोटोत कोण कशाला उभी आहे, हे ठरवणार कोण? आणि जी खरंच धंद्याला उभी आहे, तिनं घरी 'हॉटेलात भांडी घासते' असं सांगितलेलं असतं. तो फोटो दलालाच्या हाती पडला की गावी पाठवीन म्हणून तिला आयुष्यभर दाबता येतं.

आता छापा. रस्त्यावरच्या बाईला बहुतेक वेळा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचं कलम ८ (गिऱ्हाइकाला खुणावणं, बोलावणं) लागतं. पहिल्या खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बाई गुन्हा कबूल करते, दंड भरते, सुटते. दंड छोटा दिसतो, पण वकील, जामीनदार, रिक्षा आणि बुडालेले दोन-तीन दिवस धरले की रक्कम कुठल्या कुठे जाते. हे पैसे देतं कोण? दलाल, नाहीतर आठवडी व्याजानं देणारी बाई. म्हणजे पुढच्या आठवड्यात ती जास्त वेळ उभी राहणार आणि ज्या गिऱ्हाइकाला एरवी नाही म्हणाली असती त्यालाही होय म्हणणार. शनिवारचा छापा हा दलालाचा वसुलीचा वार होतो.

करायचं असेल तर हे करा. गल्लीतले बंद दिवे खांबाच्या नंबरासकट पालिकेला लेखी कळवा. जो लॉज तासावर खोल्या देतो त्याच्यावर कलम ७(२) लावायला सांगा. हॉटेल असेल तर परवाना तीन महिने ते एक वर्ष निलंबित होऊ शकतो. नाहीतर कलम १८ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. देऊळ, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांपासून दोनशे मीटरच्या आतली जागा असेल तर ते मालकाला नोटीस काढतात, सात दिवसांत उत्तर मागतात. माहिती पोलिसांकडूनच आली पाहिजे असं त्या कलमात नाही. निपाणी भागातल्यांनी चिकोडीच्या उपविभागाधिकाऱ्यांकडे जावं.

बाजारपेठ
तुम्ही त्या गल्लीत राहता काय? क्लासहून येणाऱ्या पोरीपुढं मोटरसायकल थांबते आणि 'किती?' म्हणून विचारतात. म्हातारी देवळातून येताना रिक्षावाला डोळा मारतो. खोल्यांना भाडेकरू मिळत नाही. बायकांची कणव सगळ्यांना आहे, पण आमच्या पोरीबाळींची कणव कुणाला? कायद्यातलं दोनशे मीटरचं कलम आमच्यासाठीच आहे की. देऊळ समोर, शाळा पलीकडं. मग छापा मागितला तर चुकलं कुठं?

काळा कोट
चुकलं नाही, पण उपयोग होत नाही, आणि का होत नाही ते ऐका.

दडपणाखाली घातलेला छापा खटल्यात तीन ठिकाणी पडतो. कलम १३ प्रमाणे विशेष पोलीस अधिकारी लागतो, इन्स्पेक्टर दर्जाच्या खालचा चालत नाही. शनिवारी रात्री फौजदार गाडी घेऊन जातात आणि सुरुवातच चुकते. दुसरं, विनावॉरंट झडतीला कलम १५ प्रमाणे त्याच भागातले दोन प्रतिष्ठित पंच लागतात, त्यांतली एक बाई. निवेदनावर सही करणारे पंच व्हायला तयार नसतात, आणि झालेच तर दोन वर्षांनी कोर्टात 'मला आठवत नाही' म्हणतात. तिसरं, झडतीत दोन महिला पोलीस लागतात, विचारपूसही महिला पोलिसानं करायची. हे नसेल तर दलालाचा वकील पहिल्या तारखेला तेच धरतो. दलाल सुटतो, बाईनं मात्र आधीच कबुली देऊन दंड भरलेला असतो.

तुमच्या पोरीला विचारणाऱ्या माणसाचं वेगळं. तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ चा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. गाडीचा नंबर, वेळ, जागा लिहून घ्या, लगेच ११२ ला कळवा आणि लेखी तक्रार करा. ती तक्रार कुणीच करत नाही, सगळे बायकांवर निवेदन देतात.

तंबाखूची पोर
वडगावकाठ, काय सांगालाय तुम्ही? फोटोला विरोध केलात, बरं वाटलं. पण कलम १८ चा दगड तुम्हीच उचलून दिलात. ते कलम लॉजपुरतं नाही. 'धंद्यासाठी वापरली जाणारी' कुठलीही खोली त्यात बसते. बाई ज्या खोलीत पोरांना घेऊन राहते, तीच खोली. आदेश निघाला की सात दिवसांत खोली रिकामी, आणि पुढं वर्षभर ती जागा दंडाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय भाड्यानं देता येत नाही. मग कुठला मालक असल्या बाईला उंबऱ्यात उभं करील?

अजून सांगते. दोघींनी सुरक्षेसाठी एक खोली भाड्यानं घेतली की कायद्यानं तो कुंटणखाना होतो, कारण दोघींचा फायदा. एकटी राहिली तर नाही. म्हणजे कायदाच त्यांना एकेकटं पाडतो. आणि पोरगा अठरा वर्षांचा झाला, आईच्या पैशावर कॉलेजला जातो, तर कलम ४ त्याच्यावर येऊ शकतं.

छाप्यानंतर काय होतं ते आरोग्याचं काम करणाऱ्यांना विचारा. बायका गल्ली सोडून हायवेच्या सर्व्हिस रोडला, ढाब्यांच्या मागं जातात. त्यांच्यातलीच जी साथी बाई साठेक जणींची यादी सांभाळते, तिचा संपर्क तुटतो. तीन महिन्यांची तपासणी चुकते, सहा महिन्यांची एचआयव्ही आणि गरमीची चाचणी चुकते. एचआयव्ही दाबून ठेवणारी एआरटीची गोळी रोजची आहे, ती चुकली की विषाणू पुन्हा वाढतो. कोल्हापूरच्या सेंटरचं कार्ड असलेली बाई बेळगावला आली की बदलीचं पत्र लागतं. पळापळीत पत्र कोण घेतंय? आणि पर्समध्ये निरोध सापडला की पुरावा म्हणतात, म्हणून त्या निरोध ठेवायचंच सोडतात.

बाजारपेठ
म्हणजे फोटो काढला तरी चूक, लॉज बंद केला तरी चूक, छापा घातला तरी चूक. मग आम्ही काय, डोळे मिटून घ्यायचे?

हमरस्ता
दिव्याबद्दल थोडं. नुसता दिवा लावला तर जागा थोडी पुढं सरकते, एवढंच. बसस्टँडचं शौचालय रात्री नऊला बंद करतात, ते आधी उघडं ठेवा. ते बंद असलं की सगळे आडोसा शोधतात आणि गल्ली त्यासाठीच वापरली जाते. रिक्षा स्टँड गल्लीच्या तोंडाशी न ठेवता मुख्य गेटाला हलवा. गिऱ्हाईक आणि लॉज यांच्यातला दुवा बहुतेक रिक्षावाला असतो. या दोन गोष्टींनी रहिवाशांचा निम्मा त्रास कमी होतो, आणि बाईच्या अंगाला कुणी हात लावत नाही.

काळा कोट
निरोध पुरावा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९ मे २०२२ च्या आदेशात स्पष्ट केलंय. पण त्याच आदेशाबद्दल एक चूक सगळीकडे फिरते. 'स्वखुशीनं धंदा करणाऱ्या प्रौढ बाईला छाप्यात अटक करायची नाही' ही कोर्टानंच नेमलेल्या समितीची शिफारस होती, केंद्रानं तिच्यावर हरकत घेतली होती, आणि त्या दिवशी राज्यांना ज्या शिफारशी पाळायला सांगितल्या त्यांत ती नव्हती. अत्याचार झालेल्या बाईवर उपचार, पोलिसांची वागणूक, ओळख उघड न करणं, सुधारगृहांची पाहणी, निरोधाचा मुद्दा, कायद्याची माहिती, एवढं होतं. ठाण्यात जाऊन चुकीचं सांगितलं तर पुढचं बरोबरही कुणी ऐकत नाही.

सीमावासी
सगळं वाचलं. एक गोष्ट कुणी काढत नाही. चंदगड, गडहिंग्लजची मराठी बाई इकडं कर्नाटकात पकडली जाते. तिची 'हेळिके', म्हणजे जबाब, कन्नडात लिहितात, वाचून दाखवत नाहीत, खाली सही नाहीतर अंगठा. तिनं 'मला अमक्यानं आणलं' म्हटलेलं असतं आणि कागदावर 'स्वखुशीनं आले' होतं. दलाल तिथंच सुटतो. १९५६ च्या राज्यरचनेपासून आमची हीच गत आहे. १५ टक्क्यांवर भाषिक अल्पसंख्याक असतील तिथं कागद त्यांच्या भाषेत द्यायचे, हे केंद्राचं जुनं धोरण. मिळतात का? महाराष्ट्राचा ८६५ गावांचा दावा कोर्टात पडून आहे आणि इथं बाईचा जबाबसुद्धा तिच्या भाषेत नाही!

घटप्रभाकाठ
आमच्या घरात कन्नड बोलतात, तरी मराठीत लिहितो. अथणी, रायबाग, गोकाकच्या बायका सांगली-मिरजेत आहेत. त्यांना मराठी तोडकंमोडकं येतं आणि त्यांचा जबाब तिकडं मराठीत लिहितात. मग तो अन्याय कुणाच्या खात्यावर मांडायचा? दोन्हीकडं कागद ठाण्याच्या भाषेत, मरते बाई.

सीमावासी
तुलना करू नका. इकडं मराठी पाट्यांना काळं फासतात.

घटप्रभाकाठ
पाट्या कुठून आल्या? विषय बाईचा आहे. यल्लम्माच्या नावानं सोडलेल्या पोरी सौंदत्तीहून दोन्ही राज्यांत गेल्या. कर्नाटकात १९८२ च्या कायद्यानं दीक्षेला बंदी आली, पण दीक्षा इकडं आणि धंदा तिकडं असला की दोन्ही ठाणी एकमेकांकडं बोट दाखवतात. सीमाप्रश्न सुटेपर्यंत त्या बायकांनी थांबायचं काय?

तंबाखूची पोर
जोगतिणींचं नाव काढलं म्हणून सांगते: रस्त्यावरची प्रत्येक बाई देवाला सोडलेली नसते. विड्या वळायचं काम सुटलेली, नवऱ्यानं टाकलेली, कर्जात बुडालेली, सगळ्या आहेत. आणि जी खरोखर देवदासी आहे तिचं नाव १९९३-९४ किंवा २००७-०८ च्या सरकारी पाहणीच्या यादीत नसेल तर पेन्शनच्या वाटेवर ती तिथंच अडत आलीय. त्या यादीसाठी कोण निवेदन देतंय?

काळा कोट
भाषेवर भांडण वाढलंय, म्हणून नेमकं सांगतो. साक्षीदाराच्या पोलिसांपुढच्या जबाबावर सही घ्यायचीच नसते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १६२, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १८१. सही घेतली असेल तर तिथंच हरकत घ्या. फिर्याद असेल तर ती वाचून दाखवून मगच सही, आणि प्रत फुकट, कलम १७३. हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावाच लागतो, त्यामुळं 'सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या पलीकडचं आहे' हे उत्तर चालत नाही. आणि दलालाविरुद्ध बोलणाऱ्या बाईचा जबाब कलम १८३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं घ्यायला लावा, दुभाषा लेखी मागा. तोंडी मागितलेला दुभाषा येत नाही.

सीमावासींचं एवढं खरं आहे, भाषेमुळं उशीर होतो. अनैतिक व्यापार कायद्याच्या कलम १७ खाली दंडाधिकारी बाईची चौकशी करतात, तेव्हा घरचा अहवाल दुसऱ्या राज्यातून येतो. आधारवर मराठीत एक नाव, इथल्या कागदात कन्नडातून दुसरंच, आणि ती बाई सुधारगृहात दिवस मोजते.

सीमावासी
दुभाषा लेखी मागायचा, हे मान्य. सांगली-मिरजेतही मागावा, तेही मान्य. बाकीचं मागं घेणार नाही.

वडगावकाठ
तंबाखूची पोर, कलम १८ बद्दल तुमचं बरोबर आहे, ते मी घाईत लिहिलं. अर्ज फक्त तासावर खोल्या देणाऱ्या लॉजवर, ७(२) खाली. भाड्याच्या खोल्यांचा उल्लेख नको.

आणि एक राहिलं होतं. मुलगी अठराच्या आतली दिसली तर हे निवेदन-अर्ज सगळं बाजूला ठेवा. दलालाशी वाद घालू नका, तो रातोरात तिला हलवतो. १०९८ ला फोन, जागा आणि कपड्यांचं वर्णन द्या. चोवीस तासांच्या आत तिला बालकल्याण समितीपुढं न्यावंच लागतं.

बाजारपेठ
ठीक आहे. फोटोचं काढून टाका म्हणून समितीला सांगतो. शौचालय, रिक्षा स्टँड, दिवे, लॉज, गाड्यांचे नंबर, हे निवेदनात घालतो. पण 'बायकांना हटवा' ही ओळ राहणार.

तंबाखूची पोर
ती ओळ राहिली तर ठाणं फक्त तीच वाचणार. बाकी पाच ओळी फायलीत जातील आणि शनिवारी गाडी येईल.

बाजारपेठ
मग काय लिहू, तुम्ही सांगा.

तंबाखूची पोर
'रहिवासी बायकांना आणि मुलींना अडवणाऱ्या पुरुषांवर कारवाई करा.' एवढंच लिहा. आणि निवेदन द्यायला जाताना त्या गल्लीतल्या दोघींना सोबत घ्या, त्यांनाही तेच पुरुष मारतात.

बाजारपेठ
पहिलं लिहितो. दुसऱ्याचं समितीत विचारावं लागेल.