आयर्लंडमधलं गोड बोलणं: मनापासून की वरवरचं?

किनाऱ्यावरून:
मुलगी कॉर्कला नोकरीला, त्यामुळे यंदाचा उन्हाळा आम्ही दोघांनी तिकडेच काढला. क्लिफ्स ऑफ मोहर वगैरे सगळेच बघतात, आम्हीपण बघितले, पण मला बोलायचंय ते माणसांबद्दल. बसमधून उतरताना जवळपास प्रत्येक जण ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो, शाळेतली टगी पोरंसुद्धा. गावाकडच्या अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतात, ओळख असो नसो. दुकानात बिल होईपर्यंत पावसावर चार वाक्यं होतातच आणि रांगेत मागे उभं असलेलं कुणी चुळबुळ करत नाही. चहा विचारला की आधी नको म्हणायचं, मग समोरच्याने आग्रह करायचा, मग घ्यायचा, हे तर बायकोला अगदी घरचं वाटलं. बोलण्याची ढब पण वेगळी, आयरिश भाषेत हो-नाही असे सुटे शब्द नाहीत, क्रियापदानेच उत्तर देतात, आपण 'येतोस का'ला 'येतो' म्हणतो तसं, आणि ती सवय त्यांच्या इंग्रजीतही उतरलीये. माझं स्पष्ट मत, हे नुसते मॅनर्स नाहीत, अनोळखी माणसाचीही दखल घ्यायची अशी त्या समाजाची घडणच आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

डब्लिनपंधरा:
नाही पटत. मी इथे नोकरी करते, पाहुणी नाही, त्यामुळे मला दुसरी बाजू रोज दिसते. गोड बोलतात हे खरंच, पण नाही म्हणायचं असेल तेव्हापण गोडच बोलतात, मग नवीन माणसाला कळायचं कसं? बॉस म्हणतो वेळ मिळाला तर जरा बघशील का, त्याचा अर्थ आजच्या आज पाहिजे. शेजारीण भेटली की ये ना एकदा चहाला म्हणते, पण दिवस कधी ठरत नाही. बहुतेकांचे मित्र शाळेपासूनचे, त्या गोतावळ्यात बाहेरच्याला जागा नसते. आणि २०२५च्या जुलैमध्ये डब्लिनच्या टॅलामध्ये एका भारतीय माणसाला रस्त्यात मारहाण झाली, पाठोपाठ आणखी हल्ले झाले, शेवटी आपल्या दूतावासाला सावध राहा म्हणून सूचना काढावी लागली. तेव्हा मी संध्याकाळी एकटीने ट्राममधून येणं बंद केलं होतं. बसमधलं थँक्यू त्या वेळी काय कामाचं?

किनाऱ्यावरून:
हल्ल्यांचं वाचून आम्हीपण घाबरलो होतो, मुलगीच तिकडे. पण त्याच टॅलामध्ये नंतर स्थानिक लोक त्या माणसाच्या बाजूने मोर्चा काढून रस्त्यावर आले, तेपण मोजा ना. आणि ज्या देशात २०१७ला लिओ वराडकर पंतप्रधान झाले, वडील मुंबईहून गेलेले डॉक्टर, मूळ गाव आमच्या मालवण तालुक्यातलं वराड, त्या देशाला बंद दाराचा कसं म्हणायचं?

डब्लिनपंधरा:
वराडकर डब्लिनमध्ये जन्मले, तिथेच वाढले, आई आयरिश. ते २०१९ला वराडला आले तेव्हा आपल्याला आनंद झाला, मलापण झाला, पण बाहेरून आलेल्या माणसाला कसं वागवतात याचा तो पुरावा होत नाही हो.

मेयोतली_वहिनी:
तुम्ही दोघं शहरातलंच बोलताय. मी पश्चिमेला एका खेड्यात राहते आणि मला विचाराल तर आयरिश माणूस कळतो तो मयताला. लोकल रेडिओवर निधनाच्या बातम्या रोज वाचतात, आणि आरआयपी डॉट आयई नावाची साइट म्हातारी माणसं पेपरसारखी बघतात. गेलेल्या माणसाला बऱ्याचदा घरीच ठेवतात, दोन-तीन दिवसांत अंत्यविधी, तोवर गावातलं माणूस न् माणूस येऊन जातं, शेजारचे सँडविच आणि केक करून आणतात, चहाचं आधण उतरतच नाही. माझे सासरे इथे आमच्याकडे असताना गेले. नवऱ्याच्या कामावरचे लोक आले, ज्यांनी सासऱ्यांना कधी बघितलंही नव्हतं तेपण आले, रांगेत उभं राहून प्रत्येकाने हात हातात घेतला, दोन शब्द बोलले आणि गेले. कुणी उगाच उपदेश केला नाही. वरवरचं असतं तर कामाचा दिवस मोडून पावसात कोण येतं? डब्लिनपंधरा, तुमचं दुःख मी खोटं म्हणत नाही, पण डब्लिनवरून सगळा देश तोलू नका.

जुना_वाचक:
मला या कौतुकात एक गोष्ट खटकते. ते बोलायला गोड, पण स्वतःच्या भाषेसाठी करतात काय? घटनेनुसार आयरिश ही पहिली राजभाषा, रस्त्यावरच्या पाट्या दोन्ही भाषांत, आणि २०२२च्या जनगणनेत साधारण १८ लाख ७४ हजार लोक म्हणाले आम्हाला आयरिश येते, पण शाळेबाहेर रोज बोलणारे जेमतेम ७२ हजार. म्हणजे म्हणायचं एक आणि करायचं दुसरं, हेच डब्लिनपंधरा सांगतायत.

मेयोतली_वहिनी:
हे मात्र अन्यायाचं झालं. १८४०च्या दशकातल्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली, आणि सगळ्यात जास्त झळ बसली ती आयरिश बोलणाऱ्या या पश्चिमेच्या गरीब पट्ट्याला. जे उरले त्यांनी पोरांना इंग्रजी शिकवलं कारण बोटीत बसून अमेरिकेला जायचं तर तीच भाषा लागणार. पोटासाठी सुटलेली भाषा आहे ती, ढोंग कसलं त्यात. माझी मुलगी शाळेतून आयरिश शिकून येते आणि शेजारच्या आजोबांशी बोलते, त्यांचा चेहरा बघायला या एकदा. डब्लिनपंधरा, तुम्ही जवळच्या जीएए, म्हणजे आयरिश खेळांच्या संघटनेच्या, क्लबात जा, हर्लिंग आणि गेलिक फुटबॉलचे क्लब गावोगावी आहेत, खेळाडू पैसे घेत नाहीत, सगळा कारभार गावकऱ्यांच्या हातांवर चालतो, माणसं कायम कमी पडतात. आम्हाला घरी पहिलं बोलावणं मुलीच्या टीममुळेच आलं.

डब्लिनपंधरा:
वहिनी, मयताचं वाचून खरंच बरं वाटलं. पण तुमची मुलगी आहे, टीम आहे, गाव आहे. माझ्या घरात आम्ही चौघी, दोघी केरळच्या नर्स, रात्रपाळ्या करणाऱ्या, भाड्याची खोली कधी हातची जाईल याचा नेम नाही, रविवारी दुपारपर्यंत झोपणाऱ्या. त्यांनी कुठल्या दारावर जायचं ते सांगा.