गेममधला ग्रह आणि ऐरोलीची निवटी

ग्रहाला उल्कांपासून वाचवायच्या एका गेमबद्दल कुणीतरी लिहिलंय की त्यात नुसत्या उल्का फोडायच्या, शिकण्यासारखं काही नाही. फोडाफोडीबद्दल सहमत. खरं तर लघुग्रहाला वेळेत जरासा ढकलला तरी पुरतं. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाचं डार्ट यान एका मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं, तेव्हा डायमॉर्फसची जवळपास १२ तासांची फेरी अर्ध्या तासाहून जास्त कमी झाली. गेममध्ये ढकलायची सोय हवीच होती.

पण दोन हल्ल्यांच्या मधे ग्रहावरची जीवसृष्टी बदलत जाते, त्याबद्दल कुणी बोललंच नाही. आमची पाचवीतली मुलगी तिथेच अडली: मासा जमिनीवर आला तर श्वास कसा घेईल? रविवारी ओहोटीची वेळ बघून तिला ऐरोलीला खाडीवर नेलं. कांदळवनात चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली मुळं, आणि त्यांच्यामधून पुढच्या परांवर रेटा देत सरकणाऱ्या निवट्या, म्हणजे चिखलात राहणारे छोटे मासे. एक तर गाल फुगवून अगदी दोन हातांवर थांबली. ओल्या कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या अस्तरातून ती हवेतला ऑक्सिजन घेते. "बाबा, हा तर तिसऱ्या लेव्हलचा मासा!" मग सांगावं लागलं की निवटी आपली पूर्वज नाही, ती आजचाच मासा आहे, चार पायांचे पहिले प्राणी ३६-३७ कोटी वर्षांपूर्वीचे, माशांच्या वेगळ्याच फांदीवरचे. गेम मात्र सगळं एकाच शिडीवर चढवतो. ही चूक मला फोडाफोडीपेक्षा जास्त खटकते, कारण मुलांच्या डोक्यात ती पक्की बसते.